दोन डिस्क, एक नाव

२००५ च्या जुलैमध्ये सीबीडी बेलापूर येथील एका संस्थेच्या प्रयोगशाळेत आम्ही एक संगणक मांडला. काम साधे होते. पनवेल खाडीच्या पाण्याची क्षारता आणि तापमान मोजणारे एक उपकरण काठावर बसवलेले होते. ते दर पंधरा मिनिटांनी एक नोंद घेई. त्याची स्मृती जेमतेम दोन दिवसांच्या नोंदी मावतील एवढीच, म्हणून प्रयोगशाळेतील मदतनीस रोज तिथे जाऊन नोंदी उतरवून आणत, संगणकात भरत आणि उपकरण रिकामे करत. दिवसाला ९६ नोंदी. नोंदी मोलाच्या म्हणून संगणकात एकाऐवजी दोन हार्ड डिस्क घातल्या होत्या. मदरबोर्डच्या खोक्यावरच मोठ्या अक्षरांत 'रेड' असे छापलेले होते. एक डिस्क बिघडली तरी दुसरीत सर्व काही जसेच्या तसे राहील, असे माहितीपुस्तिका सांगत होती.

त्या संगणकावर आधीपासून विंडोज होती आणि ती दोन्ही डिस्कांवर सारखी लिहिलेली होती. आमची आज्ञावली मात्र लिनक्सवर चालणारी होती. डिस्कचा उरलेला अर्धा भाग मोकळा होता. त्यात लिनक्स बसवायला घेतली, तेव्हा पडद्यावर एका डिस्कऐवजी दोन डिस्कांची नावे आली, 'एसडीए' आणि 'एसडीबी'. आम्ही थोडे थबकलो. पण दुसरी डिस्क राखीव असणार, पहिलीवर लिहिलेले बोर्ड आपोआप दुसरीवर उतरवत असणार, अशी स्वतःची समजूत घालून पहिलीवर लिनक्स बसवली. ती उत्तम चालली. संगणक सुरू करताना दर वेळी निळ्या पडद्यावर 'सर्व ठीक' असा निर्वाळाही मिळत असे.

ही समजूत का चुकीची होती हे सांगायचे तर मागे, १९८८ सालात जावे लागेल.

त्या काळी मोठ्या संगणकांना मोठ्या डिस्का लागत. आयबीएमची ३३८० या जातीची डिस्क कपाटाएवढ्या यंत्रात बसे आणि तिच्यात सुमारे ७५०० मेगाबाइट माहिती मावे. उलट वैयक्तिक संगणकांसाठी साडेतीन इंची, १०० मेगाबाइटच्या लहान डिस्का निघू लागल्या होत्या आणि खप वाढल्यामुळे त्या झपाट्याने स्वस्त होत होत्या. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ या तिघांनी जून १९८८ मध्ये शिकागोच्या एका परिषदेत निबंध वाचला. त्यांचे म्हणणे असे की, एका थोरल्या डिस्कऐवजी पाऊणशे धाकट्या डिस्का एकत्र जुंपाव्यात. साठवण तेवढीच होईल, वीज कमी लागेल, आणि पाऊणशे डिस्का एकाच वेळी वाचता आल्याने वेग कितीतरी वाढेल.

अडचण एकच होती, पण ती मोठी होती. एक डिस्क सरासरी ३०,००० तास बिनबोभाट चालते असे धरले, तर १०० डिस्कांच्या संचात कोणती तरी एक बिघडायला सरासरी ३०० तास पुरतात. म्हणजे दोन आठवडेही नाहीत. विद्यार्थ्यांकडून हे गणित जरूर करून घ्यावे. एका बल्बचे आयुष्य कितीही असो, हजार बल्बांच्या रोषणाईत रोज कुठला तरी बल्ब गेलेला असतोच, हा अनुभव त्यांना असतो. तिघांनी सुचवलेला उपाय म्हणजे काही डिस्का जादा ठेवायच्या आणि त्यांवर अशी माहिती लिहायची, की एखादी डिस्क गेली तरी उरलेल्यांवरून ती पुन्हा तयार करता यावी. या रचनेला त्यांनी 'रिडंडंट ॲरे ऑफ इनएक्स्पेन्सिव्ह डिस्क्स' असे नाव दिले. त्याची आद्याक्षरे घेऊन 'रेड' झाले. (पुढे उत्पादकांनी त्यातल्या 'इनएक्स्पेन्सिव्ह', म्हणजे स्वस्त, या शब्दाच्या जागी 'इंडिपेंडंट' हा शब्द घातला. आपला महागडा माल स्वस्त म्हणून कोण विकेल?)

हरवलेली डिस्क पुन्हा तयार करायची युक्ती शिक्षकांच्या रोजच्या परिचयाची आहे. गुणपत्रिकेत पाच विषयांचे गुण आहेत : ६२, ७१, ५८, ६६, ८० आणि बेरीज ३३७. तिसऱ्या आकड्यावर शाई सांडली. काही बिघडत नाही. उरलेल्या चारांची बेरीज २७९, ती ३३७ मधून वजा केली की ५८ परत मिळतात. बेरीज हा सहावा आकडा नवी माहिती देत नाही, पण कोणताही एक आकडा हरवला तर तो परत देतो. दोन आकड्यांवर शाई सांडली, तर मात्र इलाज नाही.

संगणकात बेरजेऐवजी समता वापरतात, कारण ती हातच्यावाचून होते. एकाच स्थानावरील सर्व अंक पाहायचे, त्यांत १ ची संख्या विषम असेल तर १ लिहायचा, सम असेल तर ०. तीन डिस्कांवर अनुक्रमे १०११, ०११० आणि ११०० असे अंक आहेत, तर चौथीवर ०००१ येईल. आता दुसरी डिस्क काढून टाका आणि पहिली, तिसरी व चौथी यांवर तोच नियम लावा. ०११० परत मिळते. ही कल्पना सर्वस्वी बर्कलीचीच होती असेही नाही. बिघडलेल्या साठ्यातील माहिती अशा रीतीने परत मिळवण्याचे पेटंट आयबीएमच्या नॉर्मन औची यांना १९७८ मध्येच मिळाले होते. बर्कलीच्या तिघांनी केले ते असे, की निरनिराळ्या रचनांना १ ते ५ क्रमांक दिले, त्यांची किंमत, वेग आणि भरवसा यांचा हिशेब मांडला आणि सर्वांना बोलायला एक भाषा दिली. पहिला क्रमांक आरशाचा : दोन डिस्का आणि दोहोंवर तंतोतंत तेच. आमच्या बेलापूरच्या संगणकात हाच होता. पाचव्या क्रमांकात समतेचे अंक एका डिस्कवर न ठेवता सगळ्यांवर वाटून टाकतात. नुसताच वेग देणारा, जादा माहिती मुळीच न ठेवणारा शून्यावा क्रमांक नंतर रूढ झाला. त्यात एक डिस्क गेली की सगळेच जाते, तेव्हा त्याला रेड म्हणणे हे जरा धाडसच आहे.

१९८८ सालाबद्दल आणखी एक गोष्ट. याच वर्षी पुण्यात सी-डॅक ही संस्था स्थापन झाली. डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली तिथे तयार झालेला 'परम ८०००' हा महासंगणक १९९१ मध्ये लोकांपुढे आला. त्याचे तत्त्व पाहिले तर तोही याच कुळातला : एका महागड्या प्रचंड प्रक्रियकाऐवजी ट्रान्सप्युटर नावाचे अनेक लहान प्रक्रियक एकत्र जुंपायचे. बर्कलीने डिस्कांचे जे केले ते पुण्याने प्रक्रियकांचे केले. दोघांचा एकमेकांशी संबंध नव्हता. बाजारात लहान वस्तू वेगाने स्वस्त होऊ लागली, की थोर वस्तूला पर्याय म्हणून लहानांचा जथा करावा हे अनेकांना एकाच वेळी सुचते.

सी-डॅकची आठवण बेलापूरमुळेही येते. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्रा. नरसिंहन यांनी वाढवलेल्या संगणकविषयक केंद्रातून १९८५ मध्ये 'एनसीएसटी' ही संस्था निघाली. पुढे ती सी-डॅकमध्ये विलीन झाली. तिचे खारघर स्थानकासमोरचे आवार टपालाच्या हिशेबाने सीबीडी बेलापूरमध्येच, सेक्टर ७ मध्ये मोडते. लिनक्सच्या पडद्यावर देवनागरी आणि इतर भारतीय लिप्या नीट उमटाव्यात यासाठी 'इंडिक्स' नावाचा प्रकल्प याच संस्थेने केला. जोडाक्षरे कशी जुळवायची, वेलांटी कुठे ठेवायची, हे पडदा रंगवणाऱ्या मूळ आज्ञावलीलाच शिकवायचे होते. असे करता आले, कारण लिनक्सची आज्ञावली उघडी आहे : कोणीही वाचावी, बदलावी, वाटावी. लिनस टोर्वाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने १९९१ मध्ये सुरू केलेले हे काम जगभरच्या लोकांनी पुढे नेले. भारतात ते घरोघर पोचले ते 'पीसी क्वेस्ट' मासिकासोबत १९९६ पासून मिळू लागलेल्या सीडींमुळे. त्यामागे बेळगावात अभियांत्रिकी शिकलेले अतुल चिटणीस (१९६२-२०१३) यांचा मोठा वाटा होता. त्या काळी आपल्याकडे दूरध्वनीवरून सहाशे मेगाबाइट उतरवून घेणे म्हणजे काय दिव्य होते, हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांनाच त्या सीडीची किंमत कळेल.

असो. रेडकडे वळू.

सुरुवातीला रेड चालवणारे नियंत्रक म्हणजे स्वतंत्र कार्ड असे. त्यावर स्वतःचा प्रक्रियक, स्वतःची स्मृती, वीज गेली तरी स्मृती टिकावी म्हणून कधी एक बॅटरीही. समतेचे सगळे हिशेब कार्ड करी. बाकीच्या संगणकाला एकच डिस्क दिसे, मग कार्यप्रणाली कोणतीही असो. हे कार्ड महाग, म्हणून ते बँका, विद्यापीठे आणि मोठ्या कचेऱ्यांतच दिसे. २००० च्या आसपास मदरबोर्ड बनवणाऱ्यांनी 'अंगभूत रेड' देऊ केले आणि तेही जवळजवळ फुकट. हे कसे शक्य झाले?

याचे उत्तर हौशी लोकांनी डाख देण्याच्या बंदुकीने शोधले. प्रॉमिस या कंपनीची दोन कार्डे बाजारात होती : साधे 'अल्ट्रा' आणि त्याहून महाग, रेडचे 'फास्टट्रॅक'. कोणाच्या तरी लक्षात आले की दोहोंवरची चिप तीच आहे. साध्या कार्डावर एक छोटा रोधक डाखला आणि कार्डावरच्या स्मृतीत महागड्या कार्डाची आज्ञावली भरली, की साधे कार्ड रेडचे होते! मग रेडचे काम करत होते कोण? चिप नव्हेच. काम करत होती ती आज्ञावली, आणि तीही संगणकाच्या मुख्य प्रक्रियकावर. मदरबोर्डवरच्या रेडचीही हीच कथा. हायपॉइंट, प्रॉमिस, सिलिकॉन इमेज, व्हीआयए यांच्या आणि २००३ पासून इंटेलच्या चिपा घेऊन असे असंख्य बोर्ड निघाले. लिनक्सच्या जगात याला 'खोटे रेड' म्हणू लागले. हा शब्द थोडा अन्यायाचा आहे. आरसा खोटा नव्हता, तो धरणारा हात मात्र खोक्यावर लिहिलेला नव्हता.

संगणक सुरू होताना काय घडते ते आता पाहू. प्रथम बोर्डावरची बायोस ही आज्ञावली जागी होते. डिस्कच्या एका ठरावीक कोपऱ्यात नियंत्रकाने टीप लिहिलेली असते : ही डिस्क अमुक जोडीतली, तिचा क्रमांक इतका, जोडी आरशाची. बायोस ती टीप वाचते आणि दोन डिस्का ही एकच डिस्क आहे असे भासवते. कार्यप्रणालीचा गाभा डिस्कवरून वर येईपर्यंत हा भास टिकतो. गाभा एकदा वर आला की तो बायोसला काही विचारत नाही. तो आपल्या ड्रायव्हरमार्फत थेट चिपशी बोलतो, आणि चिप खरे तेच सांगते : माझ्याकडे दोन डिस्का आहेत. शाळेच्या फाटकावरच्या शिपायाला सांगून ठेवले आहे की ही जुळी मुले हजेरीत एकच धरायची. वर्गशिक्षकांना ती चिठ्ठी मिळालीच नाही, तर ते दोन मुले मोजणार.

विंडोजला ही चिठ्ठी उत्पादक देत असत, ड्रायव्हरच्या रूपाने. विंडोज एक्सपी बसवताना सुरुवातीला 'एफ ६' ही कळ दाबून फ्लॉपी घालावी लागे, ती यासाठीच. लिनक्ससाठी चिठ्ठी नव्हती. बहुतेक उत्पादकांनी टिपेची मांडणीही प्रसिद्ध केली नव्हती. हायपॉइंटची टीप डिस्कच्या आरंभाजवळ, नवव्या सेक्टरवर. प्रॉमिस आणि इंटेल यांची शेवटाजवळ. मग लिनक्सवाल्यांनी ती चोरपावलांनी वाचली. जोडी तयार करायची, टिपेचे अंक उतरवून घ्यायचे, बायोसमध्ये एकच गोष्ट बदलायची, पुन्हा अंक उतरवायचे, फरक कुठे पडला ते पाहायचे. अज्ञात लिपी वाचण्याची ही जुनीच रीत.

लिनक्सच्या २.४ या गाभ्यात आर्यान व्हॅन दे व्हेन यांनी या डिस्कांसाठी 'एटीएरेड' हा ड्रायव्हर घातला. डिसेंबर २००३ मध्ये २.६ हा गाभा आला, तेव्हा तो ड्रायव्हर त्यात उरला नाही. त्यामागे विचार होता. डिस्कांचे तुकडे कसेही जोडून एक डिस्क भासवणारी 'डिव्हाइस मॅपर' ही सर्वसाधारण सोय गाभ्यात आली होती. तेव्हा गाभ्याने फक्त जोडणी करावी, टीप वाचण्याचे काम बाहेरच्या एका आज्ञावलीने करावे. ती आज्ञावली, 'डीएमरेड', हाइन्झ माउएल्सहागेन यांनी २००४ मध्ये आणली. रचना म्हणून हे आम्हाला आजही पटते. पण मधल्या काळात जुने गेले होते आणि नवे सगळ्या वितरणांत पोचले नव्हते. आमच्या हातात नेमकी अशीच एक सीडी होती. त्यात डीएमरेड नव्हते. असते तरी आम्हाला त्याचे नाव ठाऊक नव्हते.

तर ७ जुलैपासून बेलापूरच्या त्या संगणकात लिनक्स एकट्या पहिल्या डिस्कवर लिहीत होती. दुसरीवर जुनी विंडोज होती तशी पडून होती. बायोस रोज फक्त टिपा तपासत होती आणि टिपांना कोणी हात लावला नव्हता, म्हणून 'सर्व ठीक'. आरशातले प्रतिबिंब थिजले होते.

२६ जुलैला पाऊस आला. सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर नोंदला गेलेला, सर्वांना आठवणारा तो पाऊस. प्रयोगशाळेत पाणी शिरले नाही, पण वीज गेली ती चौथ्या दिवशी आली. संगणक सुरू केला तर जोडी अपुरी असल्याचा लाल संदेश, आणि वर आली ती विंडोज. खोके उघडले. पहिल्या डिस्कची केबल सैल झाली होती. ती नीट बसवली. पुन्हा सुरू केल्यावर बायोसने विचारले, जोडी पुन्हा पूर्ववत करायची का? आम्ही 'होय' म्हटले.

बायोसच्या दृष्टीने तिने योग्य तेच केले. दोन डिस्कांपैकी शेवटची, एकटीने वापरली गेलेली डिस्क दुसरी होती. तिच्या टिपेवरचा क्रमांक पुढचा होता, म्हणून ती ताजी आणि पहिली शिळी. ताजीवरून शिळी लिहून काढायची. दोन तासांत पहिल्या डिस्कवरचे लिनक्स आणि एकोणीस दिवसांच्या १८२४ नोंदी पुसल्या गेल्या. डिस्क एकही बिघडलेली नव्हती.

पुरानंतर खाडीचे पाणी किती गोडे झाले आणि पुन्हा खारे व्हायला किती काळ लागला, हे पाहायला त्यासारखी संधी पुन्हा येणे कठीण. पण पुराआधीचे पाणी कसे होते हेच गेले, तर नंतरच्या आकड्यांची तुलना कशाशी करणार? मदतनिसांनी दुसऱ्या दिवशी कपाटातून एक लांबट वही काढून दिली. नोंदी उतरवायला खाडीवर जात त्या वेळी, आणि संध्याकाळी घरी जाताना पुन्हा एकदा, उपकरणावरचा आकडा ते वहीत लिहीत. कोणी सांगितले नव्हते. १८२४ पैकी ३८ आकडे परत मिळाले. भरती-ओहोटीचा बारीक चढउतार त्यांतून कळत नाही, पण पातळी कळते. आमची तुलना त्यांवरच उभी राहिली.

त्यानंतर आम्ही बायोसमधून बोर्डावरचे रेड बंद केले आणि लिनक्सचे स्वतःचे रेड वापरले. 'एमडी' नावाचा तो ड्रायव्हर मार्क झिंगिए यांनी सुरू केला होता आणि १९९६ च्या २.० गाभ्यापासून तो लिनक्समध्ये आहे. पुढे इंगो मोल्नार आणि इतरांनी त्यात आरसा व समता आणली. तो चालवायची 'एमडीएडीएम' ही आज्ञावली ऑस्ट्रेलियातील नील ब्राउन यांची. हिशेब येथेही मुख्य प्रक्रियकच करतो, म्हणजे बोर्डावरच्या रेडहून हे कमी काही नाही. टिपेची मांडणी मात्र उघडी आहे आणि डिस्का दुसऱ्या कोणत्याही बोर्डावर नेल्या तरी वाचता येतात. बोर्डच्या रेडची एक बाजू खरी आहे. एकाच जोडीवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही हव्या असतील, तर ते लागते. ही सोय नीट झाली ती २००९ मध्ये, एमडीएडीएमच्या ३.० या आवृत्तीला इंटेलच्या टिपा वाचता येऊ लागल्या तेव्हा. या वेळी चोरपावलांची गरज पडली नाही, इंटेलचेच आज्ञावलीकार त्या कामात होते. कथा तिथे संपली असेही नाही. २०१६ च्या सुमारास काही लॅपटॉप असे निघाले, की लिनक्स बसवू जाता त्यांत एकही डिस्क दिसेना. आत डिस्क एकच होती, पण नियंत्रक 'रेड' स्थितीत ठेवलेला होता. आम्हाला दोन दिसल्या होत्या, यांना शून्य.

वर्गात हे करून दाखवायचे असेल तर लिनक्सचा कोणताही संगणक आणि सारख्या क्षमतेचे दोन पेन ड्राइव्ह पुरतात. एमडीएडीएमने त्यांचा आरसा करावा, त्यावर एक चित्र ठेवावे आणि चित्र उघडे असतानाच एक पेन ड्राइव्ह उपसावा. चित्र तसेच राहते. मग राहिलेल्यावर दुसरे चित्र लिहून, उपसलेला परत लावून जोडी पूर्ववत करावी आणि कोणते चित्र टिकले ते मुलांना आधी ओळखायला सांगावे. पेन ड्राइव्हवर आधीचे काही असेल तर ते पुसले जाते. हवे असेल ते अगोदर काढून ठेवावे.